बिनव्याजी डीप फ्रीझर

कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं त्या आठवड्यात इकडे सौदीत, दम्माममध्ये साखर, तांदूळ आणि अक्कल अशा तीन गोष्टींची टंचाई झाली. पहिल्या दोन पुढे मिळायला लागल्या.

आमच्या घरात आम्ही दोघंच. नवरा एका व्यापारी कंपनीत स्टोअरकीपर आणि मी तिथल्या भारतीय शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवायचे. लोक पोत्यांनी डाळी भरत होते, बायका मेणबत्त्यांवरून दुकानात भांडत होत्या. अशा वातावरणात एका संध्याकाळी आमचे हे चार हमाल आणि एक डीप फ्रीझर घेऊन दारात उभे राहिले. आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसला, आडवा, पांढरा, वर झाकण असलेला.

"अहो, दोन माणसांना हा? कोणाला कापून ठेवायचंय?" मी विचारलं.

"अगं, युद्ध झालं तर मटण कुठून आणशील?"

"आणि युद्धात वीज गेली तर?"

यावर ते हमालांना "यल्ला, यल्ला" म्हणायला लागले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांना अरबी सुचतं.

फ्रीझर स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. तिरका केला, उभा केला, दार काढून पाहिलं. शेवटी तो झोपायच्या खोलीत, आमच्या पलंगाला खेटून बसला. रात्रभर घुर्र घुर्र करायचा. घोरणारं एक माणूस माझ्या घरात आधीच होतं, आता दोन्ही बाजूंनी व्यवस्था झाली.

दुसऱ्या दिवशी हप्त्यांच्या कागदांवर सह्या करायला मी मुद्दाम बरोबर गेले. दुकानाचा मॅनेजर हैदराबादचा, गोड बोलणारा. वेलचीची कॉफी दिली, खजूर पुढे केले. युद्ध होणार की नाही हे रेडिओवाल्यांना कळायच्या आधी त्याला कळलं असावं, कारण गोदामातला सगळा माल त्याने असाच वाटायला काढला होता. आज घेऊन जा, सहा महिन्यांत सहा हप्ते.

"छह महीने में पूरा पैसा आ गया तो एक रियाल ज़्यादा नहीं, मॅडम," तो म्हणाला. "नहीं आया, तो पहले दिन से नफा लगेगा. पूरे माल पर."

मी गणिताची बाई. कान टवकारले. "जेवढे पैसे भरून झाले असतील त्यांच्यावरसुद्धा?" मी हिंदीत विचारलं.

"पूरे पर," तो हसत म्हणाला.

म्हणजे माणसाने काही लपवलं नव्हतं, हे मला मान्य करायलाच हवं. सगळं कॉफीबरोबर समोर ठेवलं होतं. पण आमचे हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आपण कधी कोणाचे पैसे थकवलेत?" आणि ते खरंच होतं. पेपरवाल्याचं बिल एक दिवस राहिलं तरी या माणसाला रात्री झोप येत नसे. असल्या अटी उधळ्या लोकांसाठी असतात, असं आम्हां दोघांनाही वाटलं. सही करून, आणखी दोन खजूर उचलून आम्ही बाहेर पडलो.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक भाभी राहायच्या. त्यांना मी कौतुकाने सांगितलं, "भाभी, व्याज नाही हो अजिबात."

त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, व्याज हे नावच इथे चालत नाही. म्हणून नाव बदलून येतं ते."

मी हसले. भाभींना सगळ्यात खोट काढायची सवयच होती.

सासूबाईंना आणि माझ्या आईला यांनी पत्रं लिहिली. जावयाने काय काय लिहिलं होतं ते मला पुढे कळलं. अख्खं माणूस मावेल एवढी बर्फाची पेटी घेतली आहे, सहा महिन्यांत पैसे द्यायचे आणि वर एक पैसाही जास्तीचा नाही.

माझी आई अलिबागजवळच्या आमच्या गावी, भावाकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा बरा होता, डावा पिकत आला होता. डॉक्टरांनी भावाला बजावलं होतं, डावा उन्हाळ्यापलीकडे ठेवू नका. मार्चअखेर तालुक्याला डोळ्यांचं शिबिर असायचं, तिथे ऑपरेशन फुकट. पण आमची आई म्हणजे आमची आई. समोरच्या घरातल्या म्हातारीचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, तेव्हापासून हिने धसका घेतलेला. "बाय येऊन हात धरेल तर टेबलावर चढेन, नाहीतर डोळा घेऊन वर जाईन," असं तिने जाहीर केलं होतं. मी मार्चमध्ये यायचं कबूल केलं. वार्षिक परीक्षा संपली की शाळेला सुट्टी. माझ्या तिकिटाचे पैसे दुधाच्या पावडरीच्या डब्यात जमत होते, आणि त्या डब्याला हात लावायची यांनाही परवानगी नव्हती.

हप्ते मात्र वेळेच्या आधी जात होते. मॅनेजर दर महिन्याला म्हणायचा, "सब आप जैसे हों तो हमारा धंधा बंद." मला तेव्हा वाटायचं, तो आमची स्तुती करतोय.

जानेवारीत युद्ध पेटलं. शाळा बंद झाली, पगारही बंद. यांच्या कंपनीने सांगितलं, अर्धा पगार आता, उरलेला परिस्थिती पाहून. सरहद्दीवरच्या खफजीकडून तोफांच्या बातम्या यायला लागल्या तशी ज्याला जमेल तो दूर पश्चिमेला, जेद्दाला निघाला. भाभी मुलांना घेऊन रत्नागिरीला गेल्या. आम्ही कुठे जाणार? यांना रजा नाही, आणि आम्हां दोघांचे पासपोर्ट यांच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरब मालकाच्या, कपाटात.

सायरन वाजला की एका खोलीत बसायचं, खिडक्यांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. आमच्या घरात त्यासाठी लायक खोली एकच, झोपायची. म्हणजे मी, हे आणि डीप फ्रीझर. कंपनीने यांना गॅसचा मास्क दिला होता, एक. कुटुंबीयांचा उल्लेख कंपनीच्या नियमात नव्हता. पहिल्या सायरनला आमचं भांडण झालं. "तू घाल." "तुम्ही घाला." "अगं, माझा विमा आहे, तू घाल!" शेवटी दोघांनीही घातला नाही, तो फ्रीझरच्या झाकणावर पडून राहिला. मी म्हटलं, घरातल्या सगळ्यात महाग माणसाचा जीव तरी वाचू दे.

आणि फ्रीझरने एक गोष्ट मान्य करायला लावली. वीज एकदाही गेली नाही. बाहेर आभाळात काय काय फुटत होतं आणि आत आम्ही हमूर मासा खात होतो. भीती वाटत नव्हती असं नाही. सायरन झाला की मी ताट बाजूला सारायचे. हे मात्र काटे काढून माझ्या ताटात मासा ठेवत राहायचे आणि म्हणायचे, "खा. हप्ते भरलेत त्याचे."

फेब्रुवारीत शेवटचा हप्ता होता. हे पाकीट घेऊन दुकानाला गेले. शटर खाली. दुसऱ्या दिवशी गेले, शटर खाली. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होते. यांनी शटर वाजवून पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या फोनवरून पाटीवरचा नंबर फिरवला, आणि दुकानाच्या आत घंटी वाजायला लागली. रिकाम्या रस्त्यावर ती आम्हाला पलीकडूनसुद्धा स्पष्ट ऐकू येत होती. हे रिसीव्हर कानाला लावून उभे.

"कोणी उचलत नाही," हे म्हणाले.

"कोण उचलणार? फ्रीज?"

मग यांनी पाकीट शटरखालून आत सरकवायची तयारी केली, तेव्हा मी हात धरला. युद्धात माणूस वेडा होतो हे ऐकलं होतं, पण पैसे देण्यासाठी वेडा झालेला हा पहिलाच असावा. मुदत टळून गेली आणि यांना खरोखर ताप आला.

युद्ध संपलं, दुकानं उघडली. हे पहिल्याच दिवशी धावत गेले. मॅनेजरने मिठी मारली, जिवंत आहोत म्हणून देवाचे आभार मानले, कॉफी दिली आणि मग हिशेब दिला. शेवटचा हप्ता, आणि त्याशिवाय पहिल्या दिवसापासूनचा नफा, पूर्ण किमतीवर. तो आकडा माझ्या तिकिटाला पुरून उरला असता.

घरी येऊन हे पलंगावर बसले आणि भिंतीला बोलल्यासारखं मला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून दुकानात.

"तुमचं दुकान बंद होतं," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः जेद्दाला पळाला होतात. पैसे कुठे द्यायचे?"

"मॅडम, जेद्दा की ब्रांच खुली थी. सब का पैसा वहाँ ले रहे थे."

"मग आम्हाला कोणी सांगितलं?"

"नोटीस लगाई थी."

"कुठे?"

त्याने काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. नोटीस खरंच होती. काचेवर, व्यवस्थित चिकटवलेली. आणि तिच्यापुढे दीड महिना लोखंडी शटर.

मी हसले. राग डोक्यात गेला की मला आधी हसू येतं. मग मी त्याला माझ्या वर्गात शिकवते तसं सांगायला सुरुवात केली. भरून झालेल्या रकमेवर व्याज लागत नाही, मुद्दल कमी होतं तसं व्याज कमी होतं, हे माझ्या सातवीतल्या ढ मुलालाही कळतं.

तो जरा दुखावलाच. "मॅडम, व्याज मत कहिए. व्याज हराम है. यह नफा है."

लसूण सोलणाऱ्या भाभी आठवल्या.

आवाज चढवला, विनवलं, आईच्या डोळ्याचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, माझ्यासाठी त्याने स्वतः पाणी आणलं. पण नियम मालकाचा होता आणि मालक अजून जेद्दालाच होता. पैसे नाही भरले तर दुकानाचं पत्र यांच्या कफीलकडे जाणार. आणि कफीलच्या सहीशिवाय आम्हां दोघांपैकी कोणाचंच पाऊल देशाबाहेर पडत नव्हतं. म्हणजे पैसे भरले तर तिकीट नाही, आणि नाही भरले तर तिकीट असून उपयोग नाही. इतकं चोख उदाहरण मला वर्गात कधी रचता आलं नसतं.

फ्रीझर विकायला काढला. युद्ध संपलेल्या गावात डीप फ्रीझर कोण घेणार? ऑगस्टमध्ये घाबरलेला प्रत्येक जण आपापला फ्रीझर विकत होता. उसने मागावेत तर सगळ्यांचेच पगार अडकलेले. खलास. मी दुधाच्या पावडरीचा डबा उघडला, पैसे यांच्या हातात दिले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

गावी फोन केला. भाऊ आईला शेजारच्या फोनवर घेऊन आला.

"आई, मला आत्ता येता येत नाही. तू शिबिरात करून घे. दादा हात धरेल."

"दादाचा हात घामेजतो," आई म्हणाली. "तू ये, मग बघू. घाई काय आहे? दिसतंय मला चांगलं."

"काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय. तुझा आवाजसुद्धा दिसतोय."

मी ओरडले, मागून भाऊ ओरडला, वहिनी ओरडली. आईने फोन ठेवला. शिबिर आलं आणि गेलं.

मे महिन्यात तिचा डावा डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. उन्हाने पित्त झालंय म्हणून तिने दोन दिवस कोकमाचं सरबत पिऊन काढले. भावाने उचलून अलिबागला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आत फुटला, डोळ्यातला दाब वाढला, डावा गेला. आता उजव्याला जपा.

मी जुलैत पोचले. यांचा अडकलेला पगार सुटला आणि पहिलं काही घेतलं असेल तर माझं तिकीट. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तिचा हात मी धरला होता. माझा हात तिच्या हातात घामाने निथळत होता, तरी तिने तो सोडला नाही. पट्टी सुटल्यावर तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "केवढी जाड झालीस गं! लढाईत लोक वाळतात."

मला दुकानाचा राग होता, मालकाचा होता, यांच्या खजूर खाण्याचा होता, तिच्या हट्टाचा तर सगळ्यात जास्त होता. पण तिला नफ्याबद्दल मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

चार-पाच दिवसांनी शेजारच्या बाया तिला बघायला आल्या. ओटीवर बसल्या. मी आईच्या शेजारी तांदूळ निवडत होते. आईने गावभर सांगून झालेली गोष्ट पुन्हा काढली. जावयाने घेतलेली बर्फाची पेटी. अख्खं माणूस मावेल एवढी. वरून बॉम्ब पडत होते आणि माझी लेक ताजा मासा खात होती.

"आणि पैसे सहा महिन्यांनी," आई सांगत होती. "वर एक पैसा जास्तीचा दिला नाही. जावई हुशार आहे माझा." मग खात्री करून घ्यायला ती माझ्याकडे वळली. "हो ना गं बाय?"

ती उजवीकडे वळली होती. तिथे कोणी नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर बसले होते.

"बाय? कुठे गेली ही आता?"

"इथेच आहे, आई," मी म्हटलं. "हो. एक पैसाही नाही."

मग सूप उचललं आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.