सरळ राहिलेला कठडा

आजवर ऐकलेला उत्तम जलसा कोणता आणि टाकाऊ कोणता, हा विषय चार माणसे निवांत बसली की निघतोच. कोणाला एखाद्या गायकाचा त्या दिवशी लागलेला आवाज आठवतो, कोणाला फुकट गेलेली संध्याकाळ. कठडेवाल्यांना कोणी हा प्रश्न विचारला, की ते हाताची बोटे वर करीत.

"उत्तम म्हणाल तर सहा. सहा बोटं वाकला, आणि एकाचंही हाड मोडलं नाही."

ते व्यवसायाने वेल्डर. गावाच्या मोठ्या मैदानावर व्यासपीठासमोर गर्दी अडवण्यासाठी जो छातीइतका उंच लोखंडी कठडा उभारतात, तो सव्वीस वर्षे त्यांच्या हातचा होता. मी त्या मैदानाच्या व्यवस्थापन समितीचा चिटणीस होतो, म्हणून पुढील हकिकत मला प्रत्यक्ष ठाऊक आहे.

कठड्याचे चाळीस तुकडे असत आणि ते जाड खिळ्यांनी एकमेकांना जोडलेले असत. कार्यक्रम चालू असताना कठडेवाले व्यासपीठ आणि कठडा यांमधल्या अरुंद पट्टीत, व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहत. डावा तळवा वरच्या नळीवर टेकलेला असे. गर्दीचा जोर किती आहे हे त्यांना त्या तळव्याला कळे. कार्यक्रम संपला, की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून कठडा किती बोटे आत वाकला ते मोजत आणि कारखान्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवीत. सव्वीस वर्षांत एकाही गायकाचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते.

त्यांच्या वाट्याला आलेले संगीत हे असे होते. एकदा फेकलेल्या बाटलीने त्यांचा कान चिरला. एकदा गर्दीतल्या कोपराने समोरचे दोन दात पाडले. त्या दिवशी त्यांच्या पत्नी म्हणाल्या होत्या, "लोक जलशाहून गाणी गुणगुणत घरी येतात. तुम्ही आपले दात मोजत या!"

सहा बोटांचा तो उत्तम जलसा ढोलवादकांचा होता. दोन टोळ्या कमरेचे पट्टे काढून एकमेकांवर तुटून पडल्या, एकाने दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला, आणि साडेतीन तास गर्दी लाटेसारखी पुढे येत राहिली. कठडा दर लाटेला थोडा मागे सरला. दोन ठिकाणी जोर असह्य झाला, तेव्हा कठडेवाल्यांनी हातोड्याच्या दोन ठोक्यांत खिळ्या उडवून तुकडे आडवे पाडले आणि माणसे आत घेतली.

"गर्दी ढकलते तेव्हा लोखंडानं मागं सरायला हवं," असे ते मला समजावून सांगत. "ते सरलं नाही, तर मग बरगड्यांना सरावं लागतं."

मला हे कळत होते, पण पटत नव्हते. वाकडातिकडा झालेला कठडा मला बेशिस्तीचा पुरावा वाटे. अशातच एका कार्यक्रमात काही तरुणांनी खिळी उपसून एका रक्षकाचे डोके फोडले. समितीने ठराव केला, की सर्व जोड वेल्डिंगने कायमचे बंद करावेत आणि पाय काँक्रीटमध्ये रोवावेत. ठरावाचा मसुदा माझा होता. तो मी स्वतः कारखान्यात नेऊन वाचून दाखवला.

"चिटणीससाहेब, हे बरोबर नाही," कठडेवाले म्हणाले.

"गेल्या वेळी तुमच्याच खिळीनं डोकं फुटलं ना?"

"फुटलं. खिळ्यांना साखळ्या लावून देतो."

"समितीचा ठराव झाला आहे."

ते हातमोज्याचे टोक ओढत म्हणाले, "झालाच असेल तर करतो."

त्यांचा मेहुणा त्यांच्याच हाताखाली काम करी. मी निघालो तेव्हा तो त्यांना सांगत होता, "दाजी, नुसते टिपके मारू. वरून दिसेल घट्ट. वेळ आलीच तर लाथेनं तुटेल."

"माझं काम लाथेनं तुटलं, असं कुणी म्हणायला नको."

त्यांनी प्रत्येक जोडाला चहूबाजूंनी वेल्डिंगचे टाके घातले. एवढे सुरेख काम मी पूर्वी पाहिले नव्हते, आणि तसे मी त्यांना लेखी कळवलेही.

पुढचा जलसा एका रविवारी दुपारी तीन वाजता सुरू झाला. नऊ हजार माणसे होती. तिसऱ्या गाण्याला मैदानाच्या मागच्या बाजूस मारामारी जुंपली. पट्ट्यांची बक्कले, बाटल्यांचे फुटके गळे, काठ्या. एकाचा गाल ओठापासून कानापर्यंत फाटला. जी माणसे त्यापासून पळाली, त्यांना पळायला एकच दिशा होती, ती म्हणजे पुढे. कठडेवाल्यांनी तळवा नळीवर घट्ट दाबला. नळी हलली नाही. दुसरी लाट आली, तिसरी आली. नळी हललीच नाही.

त्यांच्या थेट समोर पिवळ्या सदऱ्यातली एक तरुणी, परिचारिका होती हे नंतर कळले, कठड्यावर दाबली गेली होती. तिचा एक हात बाहेर लोंबत होता आणि ओठ हलत होते. त्यांनी कान तिच्या तोंडापाशी नेला. ढोल आणि गिटार यांखेरीज काही ऐकू आले नाही. तिच्या नाकातून रक्त आले, ते त्यांच्या बाहीवर पडले.

ते व्यासपीठाच्या पायऱ्यांकडे धावले. तिथे रक्षकांचा मुख्य आडवा आला.

"गाणं बंद करा! माणसं मरताहेत!"

"काय?"

"माणसं मरताहेत!"

"जागेवर जा! गाणं थांबलं तर हे मैदान पेटवतील!" त्याने त्यांना छातीवर दणका देऊन खाली पाडले.

कठडेवाले उठले आणि त्यांनी मुख्याच्या नाकावर ठोसा मारला. सव्वीस वर्षे त्यांनी मार खाल्ला होता. दिला तो हा पहिला. नाकाचे हाड मोडल्याचे त्यांना मुठीत कळले. मुख्य खाली पडताच मागोमाग धावत आलेला मेहुणा त्याच्या छातीवर बसला आणि ओरडला, "जा दाजी, हा कुठं जात नाही!"

त्यांनी व्यासपीठाखालच्या पेटीतून लोखंड कापण्याचे ग्राइंडर काढले आणि पहिल्या जोडाला लावले. ठिणग्या सरळ समोरच्या चेहऱ्यांवर उडू लागल्या. त्या माणसांना मान वळवायलाही जागा नव्हती. एकाच्या भुवया जळाल्या. एकजण त्यांच्यावर थुंकला. कोणीतरी वरून त्यांचे केस धरून डोके नळीवर आपटले. रक्त डोळ्यांत उतरले, तरी पाते त्यांनी जोडावरून काढले नाही. त्यांचे टाके उत्तम होते. दोन जोड आणि दोन पाय कापायला अकरा मिनिटे लागली.

तुकडा पडला आणि माणसांचा ढीग त्यांच्या अंगावर कोसळला. काही पाय त्यांना तुडवून गेले; काही थांबले.

"हाच तो! मशीन घेऊन अंगावर आला होता!"

"तोडा साल्याला!"

भाजलेल्यांनी आणि न भाजलेल्यांनीही त्यांना लाथा घातल्या. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या गेल्या. लोक व्यासपीठावर चढले, तेव्हा कुठे गाणे थांबले. त्या दुपारी तिघांचा अंत झाला. त्यांत ती परिचारिका होती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी कागदावर मेहुण्यासाठी एकच शब्द लिहिला: दोरी. मेहुणा मैदानावर जाऊन आला आणि खाटेपाशी उभा राहिला.

"जिथं कापलं ते सोडून बाकी कठडा सरळ आहे, दाजी. अर्धं बोटही नाही."

दोन महिन्यांनी परिचारिकेचा मोठा भाऊ कारखान्यात आला. कठडेवाल्यांचा जबडा तेव्हाही तारांनी बांधलेला होता. "टाके तुम्हीच घातलेत का?" एवढे विचारून त्याने त्याच जबड्यावर चपराक मारली. ते लोखंडाच्या राशीवर पडले. मेहुण्याने पहार उचलली. त्यांनी हाताने खूण करून ती खाली ठेवायला लावली.

"तुम्ही तिच्यासमोर होतात," भाऊ म्हणाला. "ती काय म्हणाली?"

"ऐकू आलं नाही," ते तारांमधून बोलले.

"हातभर अंतरावर होतात ना?"

"होतो."

"आणि ऐकू आलं नाही?"

"नाही."

भाऊ तिथेच खाली बसला. तो गेल्यावर मेहुणा चिडून म्हणाला, "आईला हाक मारली, एवढं तरी सांगायचं होतं. तुमचं काय जात होतं?"

"तिनं काय म्हटलं ते मला माहीत नाही," कठडेवाले म्हणाले. "मी कसं सांगू?"

चौकशीच्या वेळी मी ठरावाची प्रत माझ्या सहीसह पुढे ठेवली. कठडेवाले उठून म्हणाले, "सही यांची असेल. टाके माझे आहेत." काय हवे, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "खिळ्या तर परत लावाच. पण मला एक कळ हवी, माझ्या हाताशी. ओढली की व्यासपीठावरचा सगळा आवाज बंद."

कार्यक्रम भरवणारे गृहस्थ हसले. "म्हणजे गाणं कधी थांबायचं, ते आता वेल्डर ठरवणार?"

"हो."

हे मान्य करून घ्यायला मला समितीच्या चार बैठका आणि दोन जुने मित्र खर्ची घालावे लागले.

वर्षभराने पहिला जलसा झाला. दुसऱ्याच गाण्याला कठडेवाल्यांना तिसऱ्या रांगेत एका दाढीवाल्याचे तोंड मोठे उघडलेले दिसले. त्यांनी कळ ओढली. नऊ हजार माणसे क्षणभर गप्प झाली आणि मग उसळली. चपला आल्या, बाटल्या आल्या. एका बाटलीने त्यांचे कपाळ फुटले. गायकाने वरून आईवरून शिवी हासडली. ते रक्त पुसत कठड्यावर वाकले.

"बोला. काय म्हणत होतात?"

दाढीवाला भांबावला. "काही नाही हो. गात होतो."

"बरं. गा." त्यांनी कळ वर केली.

त्या दुपारी त्यांनी चार वेळा कळ ओढली आणि चारही वेळा मार खाल्ला. तीन वेळा माणसे नुसती गात होती. चौथ्या वेळी गर्दीच्या पायांखालून एका तरुणीला ओढून काढावे लागले. तिचा घोटा मोडला होता, आणि ती कठडेवाल्यांना, समितीला आणि गायकाच्या सात पिढ्यांना शिव्या देत होती. कठडेवाले तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एकही शिवी चुकवली नाही. सगळ्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.