बाईंचा शेरा

मी शाळेतली कारकून. सत्तावीस वर्षं दाखले, हजेऱ्या आणि अहवाल टाइप करतेय, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. पण मागच्या खोलीतल्या बाईंबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मी खपवून घेत नाही. जे झालं ते त्यांच्याच हातून झालं, हे माहीत असूनसुद्धा.

मागची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. वर्गात जी मुलं ‘चालत नाहीत’ ती तिथे पाठवायची, अशी आमच्याकडची पद्धत. वर्गशिक्षकांनी हात टेकले की बाई पदर खोचायच्या. सात मुलं, आणि सातांना शिकवायच्या सात तऱ्हा. एकाला आकडे म्हटलं की रडू यायचं, त्याला बाईंनी डबाभर बटणं दिली. एक अजिबात बोलायचा नाही, त्याच्यासाठी चित्रांचे पत्ते केले. तहान लागली की तो पेल्याचं चित्र आणून हातात द्यायचा. आणि एक मुलगी, जी दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! तिला आम्ही सगळे भिंगरीच म्हणायचो. बाईंनी तिला बसवायचा नादच सोडला. फरशीवर खडूनं ही मोठाली अक्षरं काढली आणि म्हणाल्या, “चल, आज ‘क’वरून फिरून ये.”

मुख्याध्यापक दारातून डोकावले. “बाई, ही शाळा आहे की सर्कस?”

“सर्कशीत निदान सगळ्यांना काम असतं, सर.”

मी फायली घ्यायला आले होते, कपाटाआड तोंड लपवून हसले. एरवी बाई कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहायच्या. घरी गेल्यावरही पत्ते कापत बसतात, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, अशी बहिणीची तक्रार असायची.

आता तो मेला अहवाल. वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाचा एक कागद मोठ्या कार्यालयात जातो. तिथले साहेब मुलाचं तोंडही न बघता, नुसता कागद वाचून ठरवतात, की पुढच्या वर्षी याला मागची खोली मिळणार की नाही. दोन वर्षांपूर्वी बटणवाल्या पोराबद्दल बाईंनी हौसेनं लिहिलं होतं, ‘शंभरापर्यंत बेरीज-वजाबाकी येते. उत्तम प्रगती.’ आठ दिवसांत उत्तर आलं: प्रगती झालेली आहे, सबब खास मदतीची गरज नाही. पोराला पंचावन्न मुलांच्या वर्गात नेऊन बसवलं. बटणं शिस्तीत बसत नव्हती म्हणून काढून घेतली. चार महिन्यांत तो शाळेत यायचाच बंद झाला. बाई त्याच्या घरी तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी तो पलंगाखाली जाऊन लपला.

“मीच घालवला हो त्याला,” बाई माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या. “माझ्या कौतुकानं घालवला.”

यंदा भिंगरीची पाळी होती. एव्हाना ती फरशीवरून पुस्तकात आली होती. टेबलाभोवती फेऱ्या मारत, येता-जाता एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायची. वर्गात पाठवली असती तर पहिल्याच तासाला बाहेर उभी केली असती, आणि तिचं वाचन तिथेच संपलं असतं. हे मला कळत होतं, बाईंना तर कळतच होतं.

त्यांनी कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. ‘वाचता येत नाही. शिकवूनही समजत नाही.’

“अहो बाई, कालच ती माझ्या दारावरची पाटी वाचून गेली!”

“तुम्ही टाइप करा.”

“पण हे—”

“मी चांगलं लिहिलं की पोरं हातची जातात. करा टाइप.”

मी टाइप केलं. देव मला काय शिक्षा द्यायची ती देवो.

कागदावर पालकांची सही लागते. भिंगरीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते; दुपारच्या सुट्टीत धावतपळत आली, बसायलाही तयार नव्हती. “काय लिहिलंय, बाई?” तिनं विचारलं. तिला सहीपुरतीच अक्षरं येत होती.

“नेहमीचंच. इथे सही करा.”

भिंगरी टेबलाभोवती फिरत होतीच. एका फेरीत तिनं सवयीनं कागदावर बोट ठेवलं. “वा... च... ता.” फेरी मारून आली. “ये... त.” पुन्हा आली. “ना... ही. वाचता येत नाही!” अख्खं वाक्य तिनं पहिल्यांदाच वाचलं होतं. तिला इतका आनंद झाला की टाळ्याच पिटल्या. मग टाळ्या थांबल्या. “बाई, हे कुणाचं?”

आईनं पेन खाली ठेवलं. “हिनं आत्ता वाचलं ना? मग हे काय?”

बाईंनी खूप समजावलं. साहेब असे आहेत, कागद असा लागतो, खोली टिकवायची तर असं लिहावं लागतं. आईला पटलं. तिनं डोळे पुसले आणि सही केली. पण भिंगरी नऊ वर्षांची. तिच्या लेखी बाई कधी खोटं लिहीत नाहीत.

महिन्याभरात मंजुरी आली, खोली मिळाली. शाळा सुरू झाली त्या दिवशी मी मुद्दाम मागे बघायला गेले. भिंगरी खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, हलत नव्हती. बाई तिच्यापुढे पुस्तक धरून गुडघ्यांवर बसल्या होत्या.

“वाच ना गं राणी. एकच शब्द वाच.”

“मला येत नाही, बाई,” ती अगदी समजूतदारपणे म्हणाली. “तुम्हीच लिहिलंय.”