पाठीवरची चरबी आणि गुडघ्याची पुडी

"मॅडम, उद्या नऊला करूनच टाका. मी दुकान घरच्यायवर टाकून आली."

शोभाताई पलंगावर टेकायच्या आधीच बोलल्या. देवळीला त्यांचं साड्यांचं दुकान आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. ऑपरेशन होतं लायपोसक्शनचं, म्हणजे बारीक नळीनं कातडीखालची चरबी ओढून काढायची. वजन कमी करायचं हे ऑपरेशन नाही. व्यायामानं न हटणारी, एकाच जागी बसलेली चरबी काढायला ते करतात.

मी भूलतज्ज्ञ. वर्ध्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये काम करते. आदल्या दिवशी पेशंट तपासून त्याला भूल झेपेल की नाही हे ठरवणं माझ्याकडे. त्याला आम्ही पीएसी म्हणतो.

"एवढं काऊन काढायचं?" मी विचारलं.

"रोज पाच किलोमीटर चालून राह्यली मी. भात सोडला, साखर सोडली. पोट उतरलं, पाठ काई हलत नाई. साडी काढाले कपाटाकडे वळली का गिऱ्हाईक साडी सोडून माह्या पाठीकडे पाह्यते."

सोबत आलेली त्यांची जाऊ हसली. "टेलर त म्हणते, वहिनी, पाठीले वेगळं कापड आणा."

"तू चूप बस!"

मी माझा फॉर्म भरू लागले. बीपी? नाही. दमा? नाही. काही औषधं चालू? नाही. फॉर्म चांगला होता. बाई मात्र फॉर्मसारखी नव्हती. चेहरा गोल आणि लालसर. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे चरबीचा उंचवटा. हातपाय काटकुळे. रिपोर्टमध्ये रक्तातली साखर वाढलेली. दंडावर निळे डाग.

"हे कशानं?"

"साडीचा गठ्ठा लागला तरी निळी पडते हे," जाऊ म्हणाली. "आन कालपासून गरगरते म्हणते."

मी पेन खाली ठेवला. "पाच किलोमीटर चालता. गुडघे दुखत नाहीत?"

"पह्यले लय दुखत. जिना चढता येत नोहता. आता एकदम बंद."

"काय केलं?"

"काई नाई."

"काई नाई काऊन म्हणतं?" जाऊ उसळली. "दोन वर्षांपासून चहासंग पुडी घेतं ना!"

"पुडी का औषध असते का? जडीबुटी हाय ते. आन ते बी कालपासून बंद केली. ऑपरेशन हाय ना म्हून."

मी याच जिल्ह्यातल्या रोहणा गावची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं. फाट्यावरच्या टपरीतून आणलेली पुडी औषधात मोडत नाही, ती सुपारीसारखी खिशात असते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी इतका वेळ छापील प्रश्न वाचत बसले होते.

अशा काही पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं असतं. दुखणं जादूसारखं थांबतं. मग चेहरा आणि पाठीचा वरचा भाग भरतो, कातडी पातळ होते. त्याहून वाईट म्हणजे, बाहेरून रोज स्टिरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. ऑपरेशनच्या ताणात शरीराला ते जास्त लागतं. पुडी बंद आणि शरीराचा कारखानाही बंद, म्हणजे टेबलावर बीपी कोसळणार. पाठीच्या ऑपरेशनला पेशंट पालथा असतो. त्याला उताणं करायचं म्हटलं तरी मिनिटं जातात, आणि तेवढी मिनिटं हातात नसतात.

मी सर्जन सरांकडे गेले. "सर, उद्याची केस मी घेत नाही."

"एका पुडीवरून? मॅडम, उद्याचं थिएटर लागलेलं आहे. स्टिरॉईडचं इंजेक्शन देऊन भूल द्या. करतात तसं."

"अपेंडिक्ससारखं तातडीचं असतं तर दिली असती. ही चरबी त्या पुडीची आहे. तुम्ही काढाल, पुडी परत भरेल. आणि त्या कातडीत तुमची जखम भरेल का, ते एकदा हात लावून बघा."

सर वैतागून उठले. येऊन त्यांनी शोभाताईंच्या हाताची कातडी दोन बोटांत धरली. मग खिडकीकडे वळवून परत पाहिली. "रक्त पाठवा," एवढंच म्हणाले.

कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉईड, रक्तात जवळजवळ नव्हतंच. रक्त घेतल्याबरोबर आम्ही स्टिरॉईडचं इंजेक्शन सुरू केलं होतं. संध्याकाळी गरगरणं थांबलं आणि शोभाताई माझ्यावर तुटून पडल्या.

"मी हिंमत करून आलती. तुम्ही मले काऊन अडवून राह्यल्या?"

"ताई, उद्या टेबलावर गेला असतात तर परत देवळीला जाल, याची खात्री मी देऊ शकत नव्हते."

त्या जावेला म्हणाल्या, "ते पुड्यायचा डब्बा घरी गेल्यावर फेकजो."

"नको," मी म्हटलं. "डबा इथे आणा, पुडीत काय आहे ते तपासायचंय. आणि पुडीच्या जागी मोजून दिलेली गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

फिजिशियननी ती गोळी महिन्यामहिन्यानं कमी केली. गुडघे परत दुखू लागले. शोभाताईंनी फोन करून मला दोनदा झापलं. पण फिजिओथेरपीला यायचं त्यांनी सोडलं नाही. सकाळी एक किलोमीटर, मग दीड.

साधारण वर्षानं त्या पुन्हा ओपीडीत आल्या. चेहऱ्याचा गोलवा उतरला होता, मानेखालचा उंचवटा निम्म्याहून कमी. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. ब्लाउजच्या काठाखाली मात्र एक वळी हटून बसली होती.

"हे त पुडीची नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "ही तुमची स्वतःची."

"मंग काढा!"

ती भूल मी दिली. पूर्ण वेळ बीपी सरळ चाललं. शुद्धीवर येताच बाईंनी पाठ कशी दिसते ते विचारलं. पट्टा बांधलाय, आत्ताच काही दिसणार नाही, असं सांगितल्यावर रागावून झोपी गेल्या.

फॉर्मवरचा औषधांचा प्रश्न मी आजही विचारते, पण शेवटी. त्याआधी विचारते, पूर्वी काय दुखत होतं? ते थांबलं असेल, तर कशानं तरी थांबलेलं असतं.