यादीतला रामजी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते नका विचारू.

सत्याऐंशी साल. सिल्वासातल्या एका कचेरीत मी कारकून. मूळचा कोकणातला, अक्षर मोत्यासारखं — त्याचाच काय तो माज! चोपन्न साली पोर्तुगीजांना हुसकावणाऱ्यांचा सत्कार व्हायचा होता. त्यांची जुनी यादी माझ्याकडे होती, आणि अर्ज माझ्या टेबलावर येत.

खानवेलच्या बसने रमीबाई आली. पन्नाशी उलटलेली, सडसडीत. म्हणाली, यादीतला रामजी म्हणजे मीच. तेव्हा केस कापून, भावाचा सदरा घालून, बंदूक घेऊन ती गड्यांबरोबर गेली होती. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. दंडावरचा गोळीचा व्रण तिने मला दाखवला.

मला पटलं का? अहो, पटलं! मग काय झालं? यादीत पुरुष आणि समोर बाई — साहेब हसतील, मलाच झापतील, याची भीती वाटली. मी भित्रा, दुसरं काय. अर्जात वारसाचा रकाना होता. तिथे मी लिहिलं — रामजी मयत, रमीबाई विधवा. कचेरीच्या वहीतही तेच उतरवलं.

तिला वाचता येत नव्हतं. अंगठा लावण्याआधी तिने दोनदा विचारलं, "रामजी मीच, असं लिवलंस ना?"

मी म्हणालो, हो.

सत्काराला ती कोरं लुगडं नेसून आली. "कैलासवासी रामजी यांच्या पत्नी" — लाऊडस्पीकरवर पुकारलं, तर ती उठेचना. तिचं लग्नच कुठे झालं होतं! स्वतःच्या नावाची वाट बघत बसली होती बिचारी. शेवटी मीच दंडाला धरून तिला वर नेलं. शाल घेऊन खाली उतरली आणि म्हणाली, "सायेब, मी कवा मेले?"

तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? मी म्हटलं, छपाईची चूक आहे, दुरुस्तीचा कागद वर पाठवतो. असा कागद मी कधी लिहिलाच नाही. ती मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बसने यायची, बाकावर बसायची, विचारायची. मी म्हणायचो, अजून आला नाही. सात वर्षं, हो! दर खेपेला ठरवायचो, आज सांगू. तिला बघितलं की फायलीत डोकं खुपसायचो.

मग तिचा भाचा आला, मसाटच्या कारखान्यातला. आत्या गेली म्हणाला. नोंद करायची होती.

मी वही उघडली. रामजी आधीच मयत होता. त्याखाली मी लिहिलं — विधवा मयत. दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात आहेत. मोत्यासारख्या.