पेंटरच्या गोळ्यांची नावं

पेंटरना खरं नाव होतं, पण ते सरकारी कागदांपुरतं. गल्लीत, बाजारात आणि घरातही ते पेंटरच. बायकोसुद्धा "अहो पेंटर, पाणी तापलंय" अशीच हाक मारायची. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. शिडीवर चढायचं, खडू लावलेली दोरी ताणून रेघ उठवायची, एक ब्रश तोंडात धरायचा आणि दुसऱ्याने अक्षर ओढायचं. खालून कोणी काही विचारलं, तर तोंडातल्या ब्रशसकट "हं" एवढंच उत्तर. पुढे छापील फ्लेक्स आले, रात्रीत पाट्या बदलायला लागल्या, आणि पेंटर शिडीवरून उतरले ते कायमचे.

बायको गेल्यावर घर अंगावर यायला लागलं. परदेशातली लेक प्रत्येक फोनला म्हणायची, "बाबा, या ना इकडे थोडे दिवस." आज जातो, उद्या जातो करत पेंटर एकदाचे निघाले. मोठ्या बॅगेत कपडे, गोळ्यांची पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ब्रश मात्र हातातल्या पिशवीत. दाबले गेले की केस वाकतात, मग रेघ सरळ येत नाही, म्हणून.

विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत राहिला. लोक आपापल्या बॅगा उचलून गेले, यांची काही आली नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने बराच वेळ शोधून सांगितलं, बॅग भलत्याच देशात पोचली आहे, येईल.

"बाबा, गोळ्या?" बाहेर घ्यायला आलेल्या लेकीने विचारलं.

"बॅगेत."

"मग या पिशवीत काय आहे?"

"ब्रश."

लेकीने कपाळाला हात लावला. गोळ्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या होत्या. ती त्याच पावली औषधांच्या दुकानाकडे निघाली होती, पण पेंटरनी अडवलं. "उद्यापर्यंत बॅग येतेय की. एखादा दिवस चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही."

बॅग दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लेकीने विचारलं की पेंटर म्हणायचे, "ठणठणीत आहे मी." मग एका दुपारी फिरून येताना जिन्यातच त्यांना गरगरलं. छातीत कोंबडं फडफडावं तसं व्हायला लागलं. कठडा धरून ते पायरीवर बसले. लेक वरून धावत आली, आणि या वेळी तिने त्यांचं काही ऐकलं नाही.

औषधांच्या दुकानात गोळ्या देणारी बाई शांतपणे म्हणाली, "इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला या गोळ्या देता येत नाहीत." लेक चिडली. पेंटरना भाषा कळत नव्हती, पण नकार कळला. ते लेकीला म्हणाले, "तिच्यावर कशाला चिडतेस? अनोळखी म्हाताऱ्याच्या हातात काहीही ठेवायचं का तिने?" त्या बाईने काउंटरच्या बाहेर येऊन जवळचा दवाखाना बोट करून दाखवला. तिथे वेळ घेतल्याशिवायही तपासतात, ताबडतोब जा, असंही बजावलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पेंटरच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, छातीला तारा लावून आलेख काढला आणि विचारलं, "कोणत्या गोळ्या घेता?" लेकीने तो प्रश्न मराठीत सांगितला.

पेंटर जरा घुटमळले. "सकाळी नाश्ता झाल्यावर जावईबापू. दुपारी जेवणानंतर सासूबाई. आणि झोपताना अर्धी नणंद."

"बाबा, डॉक्टर थांबल्यात. आत्ता चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? तुझ्या आईने ठेवलेली नावं आहेत ती."

लेक लग्न करून दूर गेल्यानंतर कधीतरी या गोळ्या सुरू झाल्या होत्या. पेंटरना त्यांची लांबलचक नावं पाठ होईनात. पाट्यांवर हजारो नावं रंगवलेला माणूस, पण म्हणायचे, "जे नाव मी कधी रंगवलं नाही, ते माझ्या डोक्यात राहत नाही." मग बायकोनेच बारसं केलं. एक गोळी उपाशीपोटी चालत नाही, आधी काहीतरी खायला घालावं लागतं, म्हणून ती जावईबापू. दुसरी कडू, पण तिच्यावाचून घर चालायचं नाही, म्हणून सासूबाई. आणि तिसरीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धीच द्या, अख्खी झेपणार नाही. "मग ती नणंदच," बायको म्हणाली होती.

दुपारी जेवणं झाली की ती एका हातात पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन यायची. "पेंटर, सासूबाई आल्यात. उभे राहा." पेंटर खरंच उभे राहायचे, तळहात पुढे करायचे. ती गेल्यावरही नावं तीच राहिली. रिकाम्या स्वयंपाकघरात ते स्वतःशीच म्हणायचे, "या, सासूबाई," आणि उभ्यानेच गोळी गिळायचे.

हे सगळं ते लेकीला सांगत राहिले, आणि डॉक्टरीणबाई दोघांच्या तोंडाकडे बघत बसल्या. शेवटी लेकीने जमेल तेवढं समजावलं, तेव्हा त्या हसल्या. "छान. पण सासूबाईंचं खरं नाव काय?"

"पांढरी असते," पेंटर म्हणाले. "म्हणजे अगदी पांढरी नाही. चुन्यात थेंबभर पिवळा पडावा तशी."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. रंगावरून औषध देता येत नाही, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो.

शेवटी पेंटरनी सांगितलं, "आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला फोन लाव." दवाखान्यातूनच फोन लागला. तिकडे संध्याकाळ होती, मागे स्कूटरींचे आवाज येत होते.

"बाबांच्या गोळ्यांची खरी नावं हवी होती," लेक म्हणाली. "त्यांना नुसतं सासूबाई वगैरे..."

"सासूबाई, जावईबापू आणि नणंद ना?" मेडिकलवाला लगेच म्हणाला. "माझ्याकडे सगळं आहे, ताई. आत्ता फोटो पाठवतो. काकू दुकानात येऊन तशाच तर मागायच्या. 'सासूबाईंची एकच पट्टी द्या, जास्त आणल्या तर डोक्यावर बसतील.' एकदा मागे उभी असलेली एक सून मला हळूच विचारते, भाऊ, हे औषध सासूला द्यायचं की सुनेने घ्यायचं?"

लेक खळखळून हसली. हसता हसता ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आई गेली तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नव्हतं. नंतर सगळे तिला आजाराबद्दल सांगत राहिले. आई बाजारात उभी राहून लोकांना हसवायची, हे कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता तिच्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला.

पट्ट्यांचे आणि जुन्या चिठ्ठीचे फोटो आले. त्यावरची बारीक अक्षरं डॉक्टरीणबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचली, आणि नवी चिठ्ठी लिहून दिली. जावईबापू इथे दुसऱ्या नावाने मिळत होते. सासूबाई मिळत नव्हत्या, त्यांच्याऐवजी त्याच जातीची दुसरी गोळी दिली. नणंदेची लहान गोळीच येत होती, तोडायची गरज नव्हती. गोळ्या पुन्हा कधीही अशा अचानक बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी पेंटरच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि ते भाषांतराशिवाय पोचलं.

औषधांच्या दुकानातल्या मघाच्याच बाईने पेंटरच्या हातात गोळ्यांच्या छोट्या बाटल्या दिल्या. प्रत्येकीवर पेंटरचं खरं, पूर्ण नाव छापलेलं होतं. पेंटरनी ते लांब धरून पाहिलं. "अक्षर स्वच्छ आहे. पण जीव नाही त्यात."

त्या दिवशी झोपण्यापूर्वी लेकीने नवी नणंद त्यांच्या हातावर ठेवली. चिमुकली, गोल, गुलाबी.

"ही तोडायची नाही?"

"नाही बाबा. ही अख्खीच घ्यायची."

"म्हणजे नणंदेचं लग्न झालं म्हणायचं," पेंटर म्हणाले. मग गोळी चिमटीत धरून म्हणाले, "तुझी आई पात्याने बरोबर मधोमध तोडायची. एक अर्धी मला, दुसरी कागदात गुंडाळून ठेवायची. म्हणायची, उद्याची सोय झाली. आता उद्या उठायलाच लागेल तुम्हाला."

चार दिवसांत छातीतली फडफड थांबली. बॅग आली तेव्हा तिची त्यांना आठवणही उरली नव्हती. पण गोळ्या द्यायचं काम लेकीने सोडलं नाही. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी ती पाण्याचं भांडं घेऊन यायची, आणि गोळी घशाखाली उतरली की विचारायची, "अजून काय म्हणायची आई?" पेंटर रोज काहीतरी आठवून ठेवायला लागले.

एकदा तिने विचारलं, "तुमची पहिली भेट कुठे झाली? आईला विचारलं की ती नुसती हसायची."

"एका शिवणक्लासच्या पाटीखाली," पेंटर म्हणाले. "मी शिडीवर होतो. ती क्लासला आली होती. खालून ओरडली, ओ दादा, शिवणातल्या शिला पहिली वेलांटी हवी."

"दादा म्हणाली?"

"तेव्हा कुठे ठाऊक होतं तिला! मी म्हटलं, बाई, दुसरी वेलांटी जास्त देखणी दिसते. तर म्हणते, देखणी असेल, पण चुकीची आहे."

"मग पुसलीत?"

"लगेच कशाला पुसू? रंग वाळू दे, उद्या बघतो, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती बघायला आली. तेव्हा म्हटलं, आज हवा दमट आहे."

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. मग खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"हां," ती म्हणाली. "मग तिसऱ्या दिवशी?"