सासूबाईंचं भाषण आणि माझं अध्यक्षपद

माझं सोसायटीचं अध्यक्षपद सासूबाईंच्या तत्त्वज्ञानामुळे गेलं. सभा सुरू झाली तेव्हा विरोधी उमेदवार नव्हताच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

सासूबाई तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका. राजकारण, धर्म, समाज यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत. (मी ती दिवाणखान्यात दिसतील अशी लावली आहेत. वाचली असती तर पुढचं टळलं असतं.)

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत, पार्किंगच्या जागेत मंदिर बांधायचं मी ठरवलं होतं. लोकांची कुरकुर होती, म्हणून वार्षिक सभेला सासूबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. विदुषी धर्मावर चार चांगले शब्द बोलतील, कुरकुर थांबेल आणि मी पुन्हा बिनविरोध निवडून येईन, असा साधा बेत.

"आई, धर्माचं महत्त्व सांगा. थोडक्यात."

"सांगते," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "देवाशी माझं भांडण नाही. देवाचं नाव पुढे करून जे दुसऱ्याला गप्प बसवतात, त्यांच्याशी आहे. या मंदिराबद्दल तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

"सत्ता खुर्चीत नसते," त्या पुढे म्हणाल्या. "समोरच्यांच्या गप्प बसण्यात असते. आणि सगळे हो म्हणतात तो समाज नव्हे. नाही म्हटल्यावरही शेजाऱ्याकडे चहा मिळतो, तो समाज."

तळमजल्यावरच्या देवरेकाकू मूळच्या सटाण्याच्या. सभेत कधीच न बोलणाऱ्या. त्या उठल्या आणि आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या,

"बरोबर शे. रोज घंटा माझ्या खिडकीसमोर वाजणार, आणि मलाच कुणी विचारलं नाय."

मग सगळेच बोलायला लागले. विषय मंदिरावरून पाण्याच्या टाकीवर गेला, तिथून बंद लिफ्टवर आणि लिफ्टवरून थेट माझ्यावर. कुणीतरी अध्यक्षपदासाठी देवरेकाकूंचं नाव सुचवलं.

"अनुमोदन कोणाचं?" मी जरा दरडावूनच विचारलं.

माझ्या बायकोने हात वर केला.

निकाल लागल्यावर जिन्यात मी सासूबाईंना म्हणालो, "आई, जावई पडला ना हो."

"श्रीकांतराव, तुम्ही पडलात ते सोडा. लोक उभे राहिले, ते बघा."

काकूंनी सगळ्यांना विचारून मंदिर बागेच्या कोपऱ्यात बांधलं. सासूबाई आमच्याकडे मुक्कामाला राहिल्या. हल्ली घरातही चर्चेशिवाय काही ठरत नाही. मत मांडायचा मला पूर्ण हक्क आहे. फक्त माझी पाळी अजून आलेली नाही.