थर्सडे आयलंडची कबुतरंसुद्धा अप-डाऊन करतात

ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढा आणि अगदी वरच्या टोकाला बघा. पापुआ न्यू गिनीच्या अलीकडे समुद्रात मूठभर दाणे सांडावेत तशी बेटं दिसतील. त्यातल्या थर्सडे आयलंडवर फार्मासिस्टची जागा निघाली, मला ऑफर आली आणि बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. माझं हो ठरलेलंच होतं. मेलबर्नच्या पार कडेला असलेल्या टार्निटहून सिटीत रोज ट्रेनने जा-ये करून मी विटले होते. निखिल, माझा नवरा, म्हणाला, "आधी बघून तरी येऊ." म्हणून कप डेला, म्हणजे मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मंगळवारच्या सुट्टीला, जोडून रजा टाकली.

मेलबर्न ते केर्न्स, तिथून छोट्या विमानाने हॉर्न आयलंड, मग फेरीबोट. तिकिटं आयत्या वेळी काढू नका, तेवढ्या पैशात आम्ही पुण्याला जाऊन आलो असतो. भाजीपाला मालवाहू बार्जने येतो, त्यामुळे टोमॅटोचा भाव बघून निखिलने तो गुपचूप परत ठेवला. हॉर्न आयलंडवर लाल मातीची वारुळं आहेत, माणसापेक्षा उंच. हा प्रत्येक वारुळापाशी थांबणार, आणि मी पुढे जाऊन "चल ना रे" करणार.

आमचं गेस्टहाउस चालवणाऱ्या बाईंना सगळं बेट आंटी म्हणतं, मग आम्हीही म्हणायला लागलो. त्यांनी सांगितलं, फार पूर्वी इथे समुद्र नव्हता, ऑस्ट्रेलियातून पापुआपर्यंत चालत जाता यायचं. पाणी चढलं आणि फक्त डोंगरमाथे वर राहिले. "तू शिखरावर चहा पितेयस, डार्लिंग." आता दोन बाजूंचे दोन समुद्र, दोघांच्या भरतीच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे जेटीखालचं पाणी नदीसारखं पळतं. मला ते फार आवडलं, तासभर बघत राहिले असते. पण काठाशी उभं राहायचं नाही, मगरी आहेत.

संध्याकाळी आभाळातून पांढऱ्या कबुतरांचे थवे यायला लागले. पंखांच्या कडा काळ्या, उडणं एकदम सरळ. पापुआकडून ती इथे अंडी घालायला येतात, असं आंटी म्हणाल्या. रात्री बेटावर, दिवसा फळं खायला समुद्र ओलांडून मेनलँडवर. रोज.

"अप-डाऊन," निखिल म्हणाला. "यांचंही टार्निटच आहे की." तो आणि आंटी पोट धरून हसले. मी काही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवर चढलो. खालच्या उथळ पाण्यात डुगाँग चरतात. डुगाँग म्हणजे समुद्रातलं गवत खाणारी गुबगुबीत समुद्रगाय, श्वास घ्यायला जरा वेळ वर येते. निखिल पाण्यावर डोळे लावून बसला. मीही बसले, थोडा वेळ. मग फोन काढला.

"आली बघ," तो हळूच म्हणाला. मी मान वर केली तोवर पाणी सपाट झालं होतं.

त्याने माझ्या फोनकडे पाहिलं. त्यावर डार्विन शहरातली भाड्याची घरं. "अगं, इथे अजून राहायलाही आलो नाही आपण," तो म्हणाला. "आधी मॉसन लेक्स, मग वेंटवर्थव्हिल, आता टार्निट. तीन शहरं झाली. दर वेळी मी नोकरी बदलली. इथेही येईन. पण याच्यापुढे ऑस्ट्रेलिया संपतो. मग?"

मी चिडले. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. खाली उतरताना मी भराभर पुढेच चालत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. कधीतरी हा म्हणेल, तू हो पुढे, मी बसतो.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: परतताना फळं, रोपं, माती काहीही आणता येत नाही. आम्ही बेटावर घेतलेले आंबे एअरपोर्टच्या बाकावर बसून संपवले. शेवटचा निखिलने मला दिला.

बुधवारी दुपारी मी 'नाही' कळवलं. मग गॅरेजमधली, वेंटवर्थव्हिलहून आणलेली खोकी उघडली. परत भरायचीच आहेत म्हणून मीच ती बंद ठेवली होती. एकात लग्नात आत्याने दिलेली पितळी पाटी निघाली, आमच्या दोघांच्या नावांची. कुठल्याच दारावर ती लागली नव्हती. निखिल शेजाऱ्याकडून ड्रिल घेऊन आला.

डुगाँग माझी हुकली ती हुकलीच. निखिलकडे फोटोही नाही, तो बघत बसला होता. माझ्या पायाची भिंगरीही काही सुटायची नाही, आज सकाळी ट्रेनमध्ये पुन्हा नकाशा उघडलाच. पण निघताना एकदा मागे वळून पाहिलं. पाटी जरा वाकडी बसलीय. संध्याकाळी कुठे परतायचं, ते आता दारावर लिहिलेलं आहे.